बदली बैलाचा दर

पांढऱ्या बैलाच्या पायाखाली शेण साचलं होतं आणि आत्याच्या तोंडात शिव्या. पाटी भरून उकिरड्यावर फेकताना ती शेणाला बोलत होती की भाचीला, हे परक्या माणसाला कळलं नसतं.

"शेडवर फळांच्या पेट्या भरणार म्हणे! त्यासाठी चार वर्षं डोळे फोडलेस का गं पुस्तकात?"

भाची ओट्यावर बसून डबा बांधत होती. साडीच्या निऱ्या नीट, केसांचा अंबाडा नीट, तोंड मात्र उतरलेलं.

"मग काय करू आत्या? शेडचा मुकादम दिवसाला देतो त्याच्या निम्मंसुद्धा शाळेत मिळत नाही. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांग म्हणालाय."

आई-बापाविना राहिलेली ही पोर आत्यानं एका बैलावर आणि अडीच एकरावर वाढवली होती. पोर शिक्षिकेची परीक्षा पास झाली तेव्हा आत्या बैलाच्या कानात ते सांगून आली होती. गावातल्या संस्थेच्या शाळेत एक जुन्या बाई आजारपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी भाची लागली. बदली बाई म्हणून.

आता या बदली बाईच्या पगाराची गंमत ऐका. शाळेचे तास आठ. त्यातले तीनच हिच्या नावावर, पहिला, चौथा आणि आठवा. पैसे त्या तीन तासांचे, घंटा ते घंटा. मधल्या वेळात घरी जावं तर चौथ्याला परत यायचं, म्हणून पोर तिथंच बसायची. आणि बसलेली बाई हेडमास्तरांच्या डोळ्यात सलायची. "बाई, मोकळ्याच आहात तर दुसरीच्या वर्गावर बसा." "मोकळ्याच आहात तर एवढ्या वह्या तपासा." मोकळी मोकळी म्हणता म्हणता पोरीचं कंबरडं मोकळं व्हायची पाळी आली. त्यात नवीन म्हणून दर कमी. का? तर अनुभव नाही. आणि बदलीवर काढलेले दिवस अनुभवात धरत नाहीत.

"म्हणजे आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर," आत्या म्हणाली. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"अध्यक्षांच्या. संस्था त्यांची आहे."

नाव काढलं आणि अध्यक्ष दारात. पांढरी टोपी, हातात छत्री, पायताणाला चिखल. एरवी हा माणूस आत्याच्या गल्लीत मत मागायलाच यायचा.

"आक्का, बरं आहे ना?"

"बरंच आहे. मत तर परवाच दिलं, आता काय राहिलं?"

अध्यक्ष हसल्यासारखं करून गोठ्याकडे बघत राहिले. भाची नमस्कार करून शाळेला निघून गेली. मग हळूच खरं बाहेर आलं. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, रानाला पेरणीजोगा वाफसा आला होता. शाळेच्या भिंतीला लागून अध्यक्षांचं काळं रान, चिबड, ट्रॅक्टर घातला की चाकं रुतायची. तिथं पेरणी बैलानंच. आणि नेमका काल त्यांच्या जोडीतल्या एका बैलाच्या खुरात खिळा गेला. बियाण्याला औषध चोळून झालेलं, आभाळ पुन्हा भरायच्या बेतात, आणि गावातला प्रत्येक बैल आपापल्या धन्याच्या रानात.

"तुझं पेरून झालंय. पांढऱ्या मोकळाच आहे, म्हणून म्हटलं."

तो 'मोकळाच' शब्द आत्याच्या कानात खिळ्यासारखा गेला. पण तिनं तोंडावर काही येऊ दिलं नाही. पदरानं हात पुसले.

"देते की. पण दराचं काय?"

"तो गावात ठरलेलाच. दिवसाचं भाडं आणि वर वैरण."

"छे छे. तो कायमच्या बैलाचा झाला. हा बदली बैल आहे. तुमच्या लंगड्याच्या जागी उभा राहणार. बदलीला एवढा दर कुठं असतो? तुमच्या शाळेत बदली बाईला जे, तेच माझ्या बदली बैलाला द्या. तीन तास, घंटा ते घंटा. वैरण नको."

आता माणसाचा लोभ कसा असतो बघा. देव समोर ताट वाढून ठेवतो आणि माणूस ते सांडतो. अध्यक्षांनी मनातल्या मनात हिशेब केला. भाडं तिसऱ्या हिश्शावर आलं, वैरण वाचली. बैलाला काय घड्याळ कळतं? एकदा जुंपला की जुंपला. बाईचं तरी काय होतं? तीन तासांना बोलावली, दिवसभर राबते आहे.

"आक्का, तू फारच भाबडी," ते म्हणाले.

"कागद करा मग. 'जे बदली बाईला, ते बदली बैलाला.' खाली सही करा. मला वाचता येत नाही, भाची वाचेल."

अध्यक्षांनी हसत हसत सही ठोकली.

शाळेची पहिली घंटा झाली आणि रानात पेरणीची पाभर चालू झाली. मागं अध्यक्षांचा गडी आणि बियाणं सोडायला त्याची बायको, पुढं त्यांचा राहिलेला बैल आणि पांढऱ्या. काळी माती ओलसर भुसभुशीत, मुठीत धरली तर लाडवासारखी वळावी आणि बोट लावताच फुटावी. पांढऱ्या चालला तो असा, की त्यांचा बैल त्याच्यामागं ओढल्यासारखा जात होता. आत्या बांधावर बसून बघत होती. बांधाच्या पलीकडेच शाळेची भिंत, भिंतीत खिडकी, खिडकीत भाची फळ्यासमोर.

पहिला तास संपल्याची घंटा वाजली. आत्या उठली, रानात गेली आणि पांढऱ्याच्या मानेवरचं जू उतरवलं.

"अगं आक्का, काय करतेस? तास अर्ध्यात आहे! ही ओळ तरी पुरी होऊ दे!" गडी ओरडला.

"तुझा अर्ध्यात असेल. आमचा संपला. आता चौथ्याला येऊ."

पांढऱ्या बांधावर जाऊन गवत ओढायला लागला. अध्यक्षांचा बैल एकटाच जुवाखाली उभा, नव्या नवरदेवासारखा इकडे तिकडे बघत. गडी अध्यक्षांना बोलवायला पळाला. ते आले तेव्हा धापा टाकत होते.

"आक्का, हा काय चावटपणा?"

"कसला चावटपणा? तुमचीच सही आहे."

"अगं पण बैल मोकळाच उभा आहे ना!"

"उभा आहेच. माझी भाचीपण उभी असते. तिला मोकळी बघून तुम्ही दुसरीवर बसवता, वह्या तपासायला लावता, पोरांची नाकं पुसायला लावता. ती करते. शिकलेली आहे, तिला नाही म्हणता येत नाही. माझा बैल अडाणी आहे, अध्यक्ष. तो फुकट काम करत नाही."

बांधावर तोवर माणसं जमली होती. कुणीतरी फिसकन हसलं. खिडकीतून पोरांची डोकी एकावर एक दिसायला लागली. भाचीनं एकदा बाहेर बघितलं, आत्या दिसली, बैल दिसला, आणि लाजेनं तिचा चेहरा तांबडा झाला. पण खिडकी काही तिनं लावली नाही.

चौथ्या तासाला पांढऱ्या पुन्हा जुंपला, घंटा झाली की पुन्हा सुटला. अध्यक्षांनी स्वतः त्याला ओढून बघितलं. पांढऱ्या आत्याच्या हाकेशिवाय पाऊल टाकणाऱ्यातला नव्हता. त्यानं शेपटी उडवली आणि अध्यक्षांच्या सदऱ्यावर शेणाचा शिक्का मारला.

"ही पोच मिळाली," बांधावरून गावचा न्हावी म्हणाला. लोक पोट धरून हसले.

एवढ्यात मावळतीकडून गार वारा सुटला. आभाळ काळवंडलं. रान पाव हिस्साही पेरून झालं नव्हतं. पाऊस पडला तर वाफसा जाणार, पुढचे आठ-दहा दिवस रानात पाय टाकता येणार नाही, आणि औषध चोळलेलं बी पोत्यातच वाया जाणार. अध्यक्षांचा आवाज मऊ झाला.

"बरं आक्का, चुकलं. पूर्ण दिवसाचं भाडं घे. वैरणपण घे. जुंप बाई आता."

"मी कशी घेऊ? कागदात काय लिहिलंय, जे बदली बाईला ते बदली बैलाला. आधी बाईचा दर वाढवा, बैलाचा आपसूक वाढेल."

"अगं तो संस्थेचा ठराव असतो! हेडमास्तर, सांगा हिला."

हेडमास्तर भिंतीपलीकडे उभे राहून मजा बघत होते, त्यांची एकदम तारांबळ उडाली. त्यांनाही गेली कित्येक वर्षं पगार वेळेवर मिळत नव्हता, ते देव जाणे आणि ते जाणत. घसा खाकरून ते म्हणाले, "साहेब, अध्यक्षांच्या सहीनं होतो ठराव. वही आणू?"

अध्यक्षांनी आभाळाकडे बघितलं. एक टपोरा थेंब त्यांच्या टोपीवर पडला.

"आणा."

शाळेच्या भिंतीवर वही ठेवून ठराव झाला. घाईत दर किती लिहायचा ते कुणाला सुचेना. अध्यक्ष खेकसले, "लिहा हो, बैलाइतका!" हेडमास्तरांनी तसंच लिहिलं. बदली शिक्षिकेस पूर्ण दिवसाचा दर, एका बैलाच्या भाड्याइतका. सही झाली, शिक्का झाला. आत्यानं खिडकीत हात घालून वही भाचीकडून मोठ्यानं वाचून घेतली, मग वळून एकच हाक मारली.

"चल रे पांढऱ्या!"

पांढऱ्या आपण होऊन जुवाखाली मान घालायला आला. सांज व्हायच्या आत पाभर शेवटच्या काकराला पोचली, आणि मागोमाग पाऊस असा कोसळला की बांधावरची माणसं शाळेच्या पडवीत पळाली.

शनिवारी भाचीनं मुकादमाला नाही म्हणून सांगितलं. महिना भरला, पगार हातात आला. शेडच्या मजुरीपेक्षा थोडा वर होता. आत्यानं तो देवापुढं ठेवला, हात जोडले, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, त्या वहीत वैरण लिहिली होती का गं?"

"नाही आत्या. नुसता दर."

"आणि अध्यक्षांचा लंगडा बैल?"

"महिनाभर बसून खातोय. गडी म्हणत होता, दोन्ही वेळा पेंड चालू आहे."

"म्हणजे त्याला भरपगारी रजा." आत्यानं पगार देवापुढून उचलून पोरीच्या हातात दिला. "चला, बैलाएवढं तर झालं. आता माणसाएवढं व्हायला किती दिवस लागतात ते बघू."

दुसऱ्या दिवशी भाची डबा घेऊन निघाली. गोठ्यापाशी थांबली, पांढऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"येते रे, जोडीदारा," ती म्हणाली. "आज आठही तास आहेत."