ओद्वारच्या सॅकमधला दगड

ब्यार्नेच्या डोंगरातल्या खोपटाच्या दाराशी दगडांची एक रास आहे. परक्या माणसाला वाटेल, पाया भरून उरलेला माल असेल. पाया कसला डोंबलाचा! आम्हा तिघांच्या मूर्खपणाचा तो साठा आहे. दर जूनमध्ये आम्ही खालच्या रस्त्यावर गाडी लावून चालत वर जातो, आणि निघताना कोणीतरी कोणाच्या तरी सॅकच्या तळाशी चांगला वजनदार दगड सरकवतो. ज्याच्या पाठीवर तो वर पोचला, त्याने आपल्याच हाताने त्यावर आपलं नाव आणि साल रंगवायचं आणि तो राशीत ठेवायचा. आमच्या नॉर्वेत डोंगर चढणारे बरेच जण ही खोडी करतात. आम्ही तिचा संसार मांडला, एवढंच.

ब्यार्नेच्या नावाचे दगड सगळ्यांत जास्त. जन्मभर शाळेत पोरांना अक्कल शिकवली, पण स्वतःची सॅक उघडून बघायची अक्कल त्याला आली नाही. ओद्वारचे सगळ्यांत कमी. ओद्वार सुतार आहे, छपरं घालतो, आणि सॅक नुसती उचलून सांगतो की आत काय वाढलंय. त्याला फसवायचं म्हणजे मुरलेल्या चोराच्या घरी चोरी करायची.

खोड्या दगडापुरत्याच होत्या असं नाही. एकदा डेन्मार्कला जाणाऱ्या बोटीत ब्यार्ने गाढ झोपला. आम्ही दोघं त्याचे बूट घेऊन उतरलो. पठ्ठ्या त्याच बोटीने परत नॉर्वेला गेला आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गुलाबी सपाता घालून आमच्यासमोर हजर झाला. त्याचा सूड म्हणून त्याने माझ्या गाडीच्या सीटखाली आंबवलेला मासा ठेवला. मी उन्हाळाभर खिडक्या उघड्या टाकून हिंडलो आणि बायको शेवटपर्यंत त्या गाडीत बसली नाही. तर अशी आमची मैत्री. शहाणी माणसं आमच्याबरोबर प्रवासाला येत नाहीत.

गेल्या जूनमध्ये निघायच्या आदल्या दिवशी ओद्वारच्या बायकोचा, तुरिदचा, मला फोन आला.

"आर्विद, नीट ऐक. आणि ब्यार्नेला सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही."

"काय झालं?"

"ओद्वारच्या हृदयाची एक झडप धड उघडत नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, उशीर करू नका. हा ऐकतो का? जिना चढताना मध्ये थांबतो, आणि विचारलं की म्हणतो, खिडकीतून बाहेर बघत होतो. आमच्या जिन्याला खिडकीच नाही!"

ओद्वारचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते. तेव्हापासून हा माणूस दवाखान्याच्या रस्त्यावरून गाडीसुद्धा नेत नाही, हे मला ठाऊक होतं. शेवटी नवरा-बायकोत पैज लागली होती. नेहमीसारखी आपली सॅक पाठीवर घेऊन, धाप न लागता खोपटापर्यंत चढला, तर तुरिदने पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर सोमवारी सकाळी ट्रॉनहाइमच्या दवाखान्यात भरती व्हायचं.

"तो हरणार, मला माहीत आहे," तुरिद म्हणाली. "पण हरल्याचं त्याला स्वतःला पटायला हवं. माझं ऐकून तो जायचा नाही. तू फक्त लक्ष ठेव."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सकाळी मी गाडी बंद करून येईपर्यंत दोघं वाटेला लागले होते. ब्यार्नेने मागे वळून मला डोळा मारला आणि ओद्वारच्या सॅककडे बोट दाखवलं. ओद्वारने आज सॅक उचलून तोललीही नव्हती, नुसती खांद्यावर टाकली होती. त्याचं चित्त दुसरीकडे होतं आणि ब्यार्नेला तेवढंच हवं होतं.

ब्यार्नेला बाजूला घेऊन सांगावं, तर तो ढांगा टाकत पुढे निघून गेलेला. त्याच्या पायांना लहानपणापासून कसली घाई असते देव जाणे. सुरुवातीची वाट सपाट, दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून जाणारी. म्हटलं, इथवर ठीक आहे, चढाच्या आधी बघू. ओद्वार माझ्यापुढे खाली बघत चालत होता. एरवी या फळ्यांवर तो कोणाला तरी चिखलात ढकलल्याशिवाय राहत नाही.

नदीवरच्या पुलाशी तो थांबला. चेहरा राखेच्या रंगाचा. ओठांच्या कडा निळसर.

"काय रे, म्हातारा झालास?" मी म्हटलं. दुसरं काही बोललो असतो तर त्याला संशय आला असता.

"तुझ्या तोंडाकडे बघून मळमळतंय," तो म्हणाला आणि सॅक टाकून पाणी प्यायला खाली काठावर उतरला.

त्याची पाठ वळल्याबरोबर मी सॅक उघडली. अंथरुणाच्या पिशवीखाली दगड होता, चांगला पावाच्या लादीएवढा. तो काढून मी पलीकडच्या बाजूने नदीत सोडला. नदीला बर्फाचं पाणी आलेलं, तिच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. त्याची कॉफीची किटली आणि चीजचा मोठा तुकडाही मी माझ्या सॅकमध्ये घातला. आता त्याच्या पाठीवर कपडे आणि अंथरूण, बस्स. पोरगीसुद्धा घेऊन पळेल एवढं ओझं.

पुलानंतर खरा चढ लागतो. हलक्या सॅकने ओद्वार चढेल आणि पैज जिंकेल, अशी मला एक भीती होती. तसं व्हायला नको होतं, पण दगडाने त्याचा जीव जायलाही नको होता. माझी भीती फुकट गेली. ओद्वार चार पावलं चालायचा आणि उभा राहायचा. एका ठिकाणी तर त्याने रानातल्या बर्चचं झुडूप धरलं आणि सोडेचना. मी मागे उभा राहून बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. किती वेळा एकच नाडी बांधणार माणूस? त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ब्यार्ने चूल पेटवून, रंगाचा डबा आणि ब्रश दारात मांडून बसला होता. त्याच्या तोंडावरचं हसू बघून मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"या या, महाराज! वाटेत लग्न लावून आलात की काय?"

ओद्वार बाकावर बसला. सॅकचे पट्टे काढायचीही ताकद नव्हती, मी काढले. बराच वेळ तो नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "हरलो मी. सोमवारी जातो भरती व्हायला."

"कुठे भरती? सैन्यात?" ब्यार्ने म्हणाला.

ओद्वारने सगळं सांगितलं. झडप, डॉक्टर, पैज. खाली बघून सांगितलं, चोरी पकडलेल्या पोरासारखं. ब्यार्नेच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग, माझं त्याच्याकडे लक्ष जाऊन मी काही करायच्या आत, तो एकदम टाळी वाजवून उठला.

"अरे गाढवा! हरला कुठे? दगड होता तुझ्या सॅकमध्ये! मी घातला! एवढा मोठा घातला की मलाच लाज वाटत होती!"

"शपथ घे."

"आईशप्पथ!"

ओद्वारचा चेहरा बघायला हवा होता. त्यात रक्त परत आलं. तो हसायला लागला, हसता हसता खोकला, पुन्हा हसला. "साल्या! हरामखोरा! आणि मी तिथे झुडपाला मिठी मारून देवाला हाक मारत होतो! म्हटलं, आटपलं सगळं. तुरिदला फोन लावतो थांब. म्हणावं, एवढा धोंडा घेऊन चढलो, आता पुन्हा दवाखान्याचं नाव काढशील तर बघ!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला गप्पच राहावंसं वाटलं. इतका आनंदी ओद्वार मी वर्षभरात पाहिला नव्हता.

ब्यार्ने सॅक उपसायला बसला. अंथरूण निघालं, मोजे निघाले, लोकरी बनियन निघालं. मग त्याने सॅक उलटी करून झटकली. पाइनच्या चार काड्या पडल्या.

"कुठे गेला?" ब्यार्ने म्हणाला. "मी माझ्या हाताने..."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी काढला," मी म्हणालो. "पुलावर. नदीत टाकला."

ओद्वारने मांडीवर थाप मारली. "बघा, बघा! आता हा सुरू झाला! तुरिदने पढवून पाठवलंय तुला, काय? आत्ता पट्टे काढताना दगड पळवलास आणि म्हणे पुलावर. आर्विद, चाळीस वर्षं ओळखतो मी तुला. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

कान लाल झाले असतील. रागाने झाले असतील, रडू येत होतं म्हणूनही झाले असतील. माझ्या खिशात पुरावा नव्हता. नदीच्या तळाशी दगडच दगड असतात, त्यातला हाच तो, हे कोण सांगणार? आणि मी आयुष्यभर या माणसाला इतक्या गंभीर चेहऱ्याने थापा मारल्या होत्या की आता माझ्याकडे दुसरा गंभीर चेहरा शिल्लक नव्हता.

"ओद्वार," मी म्हणालो, "माफ कर."

आमच्यात हा शब्द नव्हता. ब्यार्ने बोटीतून सपाता घालून आला तेव्हा कोणी म्हणालं नाही, माझी गाडी भंगारात गेली तेव्हाही कोणी म्हणालं नाही. माफी मागितली की खोडीचं वाटोळं होतं, म्हणून कोणी मागायची नाही. ओद्वारचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून.

"पुलावर," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे त्यापुढे पाठीवर..."

"काही नव्हतं. किटलीही मी घेतली होती."

त्याने वाटेकडे बघितलं. खोपटातून तो सगळा चढ दिसतो, झुडपापर्यंत, आणि त्याच्याही खाली. तो कुठे कुठे थांबला होता, ते तो बघत होता, मला कळत होतं.

"राहू द्यायचास ना," तो ओरडला. "काय अडलं होतं तुझं? राहू द्यायचास तो दगड! मला कळलं तरी नसतं!"

"मेला असतास."

"मेलो असतो तर मेलो असतो! डोंगरावर मेलो असतो!" त्याने रंगाचा डबा लाथाडला. लाल रंग पायरीवर ओघळला. ब्यार्ने तो पुसायला वाकला आणि तिथेच बसून राहिला. "मला सांगितलं असतंत तर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता.

शेवटी ओद्वार म्हणाला, "तू कर फोन. माझ्याने नाही होणार."

खोपटामागच्या टेकाडावरच फोन लागतो. आम्ही दोघं वर गेलो. तेवढ्या चढालाही तो दोनदा थांबला आणि या वेळी मी नाडी बांधली नाही, शेजारी उभा राहिलो.

तुरिदने लगेच उचलला. मी सांगितलं, ओद्वार हरला, सोमवारी भरती व्हायला तयार आहे.

"आर्विद," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, "तूसुद्धा? तो आणि आपणहून दवाखान्यात जायला तयार? गेल्या वर्षी म्हणालात त्याला एल्क हरणाने झाडावर चढवलंय, मी अर्ध्या गावाला उठवलं. हसले लोक मला. पण यात? मी तुला विश्वासाने सांगितलं होतं. जिंकला ना तो? शेजारी उभा राहून हसतोय ना? त्याला म्हणावं, हसून घे पोटभर." आणि तिने फोन ठेवला.

तिचा आवाज मोठा आहे. ओद्वारने सगळं ऐकलं होतं. त्याने माझ्या हातून फोन घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून नंबर शोधला आणि लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "नाही, ठेवू नकोस. नाही गं, कोणी हसत नाहीये. हरलो मी. पाठीवर काही नव्हतं आणि तरी हरलो." वारा सुटला होता आणि त्याचा सदरा पाठीला घामाने चिकटलेला. "तुरिद, मला फार भीती वाटते. बाबांना दारातून आत नेलं आणि दार लावलं, तेच डोळ्यांसमोर येतं. तू येशील ना? दारापर्यंत नाही, आत. जिथवर येऊ देतील तिथवर."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, या वेळी ती हळू बोलत होती. ओद्वार ऐकत होता आणि मान हलवत होता, पुन्हा पुन्हा, फोनमधून मान दिसत नाही हे विसरून.