रिव्हर्स नसलेली गाडी

"दाजी, चेन लावलीत तर गाडी मागे जाणार नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा, कारण पहिल्या दोन वेळा मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. छापखान्यात तीस वर्षं मशीन डावीकडे धडधडत राहिलं, त्यात तो कान पार कामातून गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खुब्याच्या ऑपरेशननंतर ताईला मोटरसायकलवर चढता येईना. आठ महिने ती घराबाहेर पडली नव्हती. तेव्हा या गृहस्थांनी चांगली चालती मोटरसायकल खोलली आणि तिच्या इंजिनावर दोघांपुरती चारचाकी बांधायला घेतली. आता प्रश्न होता, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायची कशी. माझा जन्म गिअरबॉक्स खोलण्यात गेला. मी भंगारातून एका छोट्या गाडीचा अख्खा तळच उचलून आणला. इंजिन पुढे, मधून शाफ्ट, रिव्हर्सची सोय, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आयतं. दाजींना मात्र चेनच हवी. इंजिन मागे आणि तिथून चेन थेट मागच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे रिव्हर्स नाहीच. कारण विचारलं की म्हणायचे, बघू. माझं डोकं फिरायचं. गल्लीत वळायला जागा नाही, या वयात गाडी ढकलत बसणार का, असं मी त्यांना बरंच ऐकवलं. उजव्या कानात.

शेवटी मी अंगणातल्या फरशीवर खडूने माझी गाडी काढली, आत दोन स्टुलं ठेवली आणि दोघांना बसवलं. दाजी उजवीकडे, ताई डावीकडे. ताई काहीतरी म्हणाली. दाजी नसलेलं स्टिअरिंग धरून खुशाल समोरची भिंत बघत होते. ती पुन्हा म्हणाली. दाजी आपले भिंतीकडेच.

ताई काठी टेकत उठली, स्टूल ओढत त्यांच्या उजव्या अंगाला नेलं आणि बसली. स्टूल खडूच्या रेघेबाहेर गेलं होतं.

"मोटरसायकलवर मी मागून यांच्या याच कानात बोलायचे," ती मला म्हणाली. "आमचा सगळा संसार तिथेच बोलून झाला. घरात वेळ कुणाला होता?"

दाजी खाली बघत म्हणाले, "इंजिन मागे गेलं की पुढे जागा मोकळी होते, स्टिअरिंग डावीकडे घेता येतं. मग ही इकडे बसेल."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? बायकोचं बोलणं ऐकायचंय म्हणून?"

त्यांचे कान लाल झाले होते, दोन्ही. मला माझीच लाज वाटली. मी ओल्या फडक्याने खडू पुसला. चेनही मग मीच शोधून आणली, चांगली जाड.

गाडी झाली त्या दिवशी दोघं तासभर फिरून आले. मी फाटक उघडून उभा होतो. ताई काहीतरी रंगवून सांगत होती आणि ऐकण्याच्या नादात दाजी आत न वळता फाटकाच्या चांगली दहा पावलं पुढे गेले. मी कपाळाला हात लावला.

दाजी उतरले, गाडीच्या पुढे गेले आणि दोन्ही हातांनी ती मागे ढकलू लागले. मी मदतीला धावलो, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. ताईने बसल्या जागेवरून हात लांब करून स्टिअरिंग धरलं आणि अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. दाजी वाकून ढकलत होते, उजवा कान तिच्याकडे करून.