नवमीचा टिळा

मी एक जुनं विमान आहे. हुम्ला नावाच्या दुर्गम जिल्ह्यातल्या डोंगरात, धावपट्टीशेजारच्या गवतात उभा आहे. शेपटीवर अजून देशाचा झेंडा ओळखू येतो, बाकीचा रंग उडाला.

मित्रांनो, आमचा देश लहान. त्याला समुद्र नाही, आणि तेव्हा इकडे रस्ताही नव्हता. देशाने स्वतःची विमान कंपनी काढली, तेव्हा लोकांना केवढा अभिमान. मी पहिल्यांदा इथे उतरलो, तेव्हा म्हाताऱ्यांनी जोडे काढून माझ्या पायरीला हात लावला. मी मीठ, तांदूळ, शाळेची पुस्तकं वर आणली आणि आजारी माणसं खाली नेली. दशैंच्या, म्हणजे आमच्याकडच्या दसऱ्याच्या, नवमीला माझ्या चाकापुढे बोकड कापत, नाकाला रक्ताचा टिळा लावत. वर्षभर अपघात होऊ नये म्हणून. मला तो मान वाटे.

मग कंपनीला मोठेपणाची हौस आली. परदेशी जाणारं मोठं विमान आलं, सगळा पैसा त्याच्या पोटात गेला. आम्हा लहान विमानांतल्या एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावू लागले. माझं यंत्र इथेच बिघडलं. सुटा भाग येणार होता. तो आला नाहीच, उलट माझंच इंजिन काढून नेलं. डोंगरासाठी एकच विमान उरलं.

गेल्या नवमीला सकाळीच गावातली कलसा रोकाया तापलेल्या लेकीला पाठीशी बांधून आली आणि आडोशाला माझ्या पोटात बसली. दर श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. कलसा तिथून नजर काढत नव्हती.

"दाइ, विमान कधी?" तिने कंपनीचं इथलं काम बघणाऱ्या नरजितला विचारलं. इकडे थोरल्या भावाला दाइ म्हणतात.

"येईल गं बहिणी. खाली तराईच्या सपाटीवर विमानाची पूजा चाललीय. टिळ्याशिवाय कसं उडणार?"

"मग लावा की टिळा."

"कंपनीचे साहेब यायचेत. त्यांच्याच हातून लावायचा असतो."

"साहेबांचं पोर आजारी असतं तर?"

"असं काय बोलतेस? बिनपूजेचं उडालं आणि तुम्हाला घेऊन पडलं तर?"

टिळ्यावर तिचाही विश्वास होताच.

दुपारनंतर इथे वारा सुटतो, मग कुणी उतरत नाही. साहेब तिकडे पूजेला पोचले तोवर इथे वारा सुटला होता. दिवे लागायच्या आत पोरीची छाती हलायची थांबली. कलसा तरी बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवरची गुरं हाकलायचा भोंगा वाजला. विमान उतरलं. नाकावर टिळा होता.

या नवमीला नरजित माझ्यापुढेही बोकड घेऊन आला. गवताचा भारा घेऊन चाललेली कलसा थांबली.

"दाइ, याला इंजिन नाही ना?"

"नाही. पण रीत आहे."

"मग अपघात कुणाचा टाळताय?"

नरजितने बोकड कापलाच आणि माझ्या नाकाला टिळा लावला.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण आधी त्याचा मोडलेला भाग आणा. आणि पोर घेऊन बसलेल्या आईला रीत सांगत बसू नका. माझ्या नाकावरचा टिळा आता वाळून काळा पडलाय. कलसा रोज इथूनच गवताला जाते. माझ्याकडे बघत नाही.