शिट्टीनंतरची घरघर

दुपारी चार वाजता घंटा झाली. म्यानमारमधल्या मुडोन गावाजवळच्या ध्यानकेंद्रात एकोणचाळीस बायका उठल्या. चाळिसाव्या, म्या सेईन, उठल्या नाहीत.

वय त्रेसष्ट, शाळेतून निवृत्त. एक वाजल्यापासून तीन तास न हलता बसायचं, असा संकल्प त्यांनी आदल्या संध्याकाळी सयाडोंसमोर, म्हणजे मुख्य भिक्खूंसमोर, बोलून दाखवला होता. संकल्प करून बसलेल्याला कोणी हात लावत नाही. वेळ उलटून गेल्यावर तर मुळीच नाही. बसलेल्याचं मन कुठे पोचलंय, कोणाला माहीत?

"आपले गुडघे अर्ध्या तासात रडायला लागतात," दारात एक बाई कुजबुजली.

"तू जेवताना तरी गप्प बसतेस का?" दुसरी म्हणाली. मग दोघींनी आत येऊन म्या सेईनना वाकून नमस्कार केला. कोणीतरी पुढ्यात मोगरा ठेवला.

पाच वाजता त्यांची धाकटी बहीण न्युन यी लिंबाचं सरबत घेऊन आली. केंद्रात दुपारनंतर जेवण नसतं. तिला आधी गाल दिसला. थनाख्याच्या, म्हणजे उगाळलेल्या सालीच्या, पिवळ्या लेपातून उजवीकडे लाळेची रेघ हनुवटीपर्यंत उतरली होती.

"ताई."

"बाई, हात लावू नका," सभागृह सांभाळणाऱ्या भिक्खुणी, म्हणजे सयाले, धम्मसारी म्हणाल्या. "समाधी मोडेल."

"सयाले, ही चारचौघांत शिंकतानासुद्धा तोंडावर शाल धरते. लाळ गळू देईल?" न्युन यीने खांदा धरला. म्या सेईन उजव्या अंगावर कलंडल्या. डोळे अर्धे उघडे होते, तोंड वाकडं.

पाच पन्नासला मॉलम्याईन शहरातल्या रुग्णालयात. सहा दहाला डॉक्टरांनी मेंदूचं चित्र पाहिलं. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती.

"गुठळी विरघळवायचं औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर तेच औषध जीव घेऊ शकतं. कधी सुरू झालं?"

न्युन यीने केंद्रात फोन लावला. धम्मसारींनी बायकांना गोळा केलं. प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल टिपायला महिनाभर शिकलेल्या बायका. पण बसताना सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. भिंतीवर घड्याळ नाही. ते सयाडोंनीच काढायला लावलं होतं, लक्ष जातं म्हणून.

शेवटी शेजारी बसणारी तिन ह्ला बोलली. "त्यांनी शाल सारखी केली, माझ्या कोपराला लागली. मग गाडीची शिट्टी झाली. लगेच त्यांच्या घशातून घरघर यायला लागली."

"मग तू काय केलंस?"

"मनातल्या मनात नोंद केली, सयाले. 'ऐकतेय, ऐकतेय.' तुम्हीच सांगितलंय, आवाज कसला ते शोधत बसायचं नाही."

"आणि मग?"

"मग घरघर थांबली. मी श्वासाकडे परत आले."

 फोन सुरूच होता.

"कुठली गाडी?" पलीकडून न्युन यीने विचारलं.

दुपारी केंद्राजवळच्या रुळावरून एकच गाडी जाते. वेळ एक पस्तीसची. वेळेवर आली असेल तर औषधाची मुदत सहा वाजून पाच मिनिटांनी संपली. पण ती बहुतेकदा तासभर उशिरा येते. तशी आली असेल तर सात वाजून पाचपर्यंत वेळ आहे.

आज किती वाजता आली, हे एकोणचाळीस जणींपैकी एकीलाही सांगता आलं नाही.

"अंदाजावर मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

न्युन यीने स्टेशनचा नंबर मिळवला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. ती बहिणीचा डावा हात धरून उभी आहे. उजवा हात दाबला तर दाद देत नाही.

सहा अठ्ठावीस. औषधाची कुपी ट्रेमध्ये आहे, बंद. स्टेशनचा फोन पुन्हा वाजतोय.