पथ्याचा बांगडा

दुर्गाने नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड दाराकडे वळवलं आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. डोळ्याचं पांढरं पिवळंधमक झालं होतं.

"ह्या कधी झाला?"

"माका काय माहीत?" भिकाजी म्हणाला. "अन्न नको वाटता, इतक्याच."

त्याच दुपारी दोघं होडीने देवबागहून मालवणला डॉक्टरांकडे गेली. क्षयाचं औषध सुरू होऊन आठ महिने झाले होते. खोकला थांबला होता, भिकाजी किनाऱ्यापर्यंत चालू लागला होता. सुया आणि गोळ्या तो निमूट घेई; कडू पुडीला मात्र तोंड फिरवी. गेला आठवडाभर ती पोटात ठरत नव्हती, तरी दुर्गाने समोर बसून, दटावून त्याला ती घ्यायला लावली होती.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, लघवीचा रंग विचारला.

"औषधानेच यकृत सुजलंय. आजपासून सगळी औषधं बंद."

दुर्गा म्हणाली, "मीच पाजलंय त्येंका. वांती झाली तरी परत पाजलंय."

"तुम्ही नेमाने दिलंत म्हणून खोकला गेला. ही पूड त्यांना सोसली नाही, एवढंच. उलट्या होताच यायचं होतं. कावीळ उतरू दे, मग पुडीशिवाय बघू."

तीन आठवडे पेजेवर गेले. भिकाजीने नुसता घसा खाकरला तरी दुर्गाच्या हातातली पळी थांबे. पण खोकला आला नाही, आणि डोळे निवळले. डॉक्टरांनी थुंकी तपासली, जंतू नव्हते. त्यांनी नुसत्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि डोळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. दुर्गा रोज सकाळी त्याला अंगणात उभं करू लागली.

"गो, सूर्याकडे बघूक लावून माका आंधळो करतलंस!"

"करतलंय. उघडा डोळे."

गोळ्यांच्या नवव्या दिवशी किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यात बांगडा लागला. दुर्गाने त्याच्यासाठी एक बेताने उकडून वाढला. भिकाजीने घास तोंडात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यात तिरफळा खंय आसत?"

"डॉक्टरांनी तिखट नको सांगल्यानी."

"आणि मीठ? माझ्या आवशीन असलो बांगडो मांजराकय घातल्यान नसतो!"

महिनाभरात त्याने ताटातल्या कशालाच बरं किंवा वाईट म्हटलं नव्हतं. दुर्गा पळी घेऊनच अंगणात धावली.

"गो पार्वती! ऐकलंस? हे माका नावां ठेवतत!"

शेजारची पार्वती खवल्यांनी भरलेल्या हातांनी बाहेर आली. दोघी हसत सुटल्या, पदराने डोळे पुसेपर्यंत. आत भिकाजी कुरकुरत जेवतच होता.

दुर्गा परत आली तेव्हा ताटात बांगड्याचं डोकं तेवढं उरलं होतं. क्षय कळल्यापासून त्याचं ताट वेगळं होतं. आता लागण व्हायची भीती नाही असं डॉक्टरांनी सांगूनही तिचा हात पुढे झाला नव्हता. ती पाट ओढून त्याच्यासमोर बसली, ते डोकं उचललं आणि चोखू लागली.

भिकाजी कुरकुरायचा थांबला.

"खरांच," ती म्हणाली, "मीठ कमी आसा."