बाराशे लिटर दूध

सकाळी नऊला घोड नदीकाठच्या एका गावात दूध संकलन केंद्राचा कूलर बंद पडला. टाकीत बाराशे लिटर दूध होतं. कूलरच्या कंपनीनं शिरूरहून हर्षदाला पाठवलं. तिला स्कूटीवरून उतरताना बघून चेअरमन शंकररावांनी विचारलं, "मेकॅनिक कवा येणार, ताई?"

"मीच मेकॅनिक हाय, आप्पा."

शंकररावांनी तिच्यासमोरच कंपनीला फोन लावला. "पोरीचं काम न्हाई हे. माणूस पाठवा." दुसरा मेकॅनिक दौंडला होता, यायला दोन तास लागणार होते. इकडं दूध तापत चाललं होतं.

हर्षदाला हे नवीन नव्हतं. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. तिची एक चूक झाली, तर पुढच्या पोरीला इथं कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"तो येईस्तोवर बघू तरी द्या," म्हणत तिनं पॅनेल उघडलं. कॉम्प्रेसरला वीज पोचवणारा कॉन्टॅक्टर जळाला होता. तिनं बॅगेतला नवा बसवला, वायरी पुन्हा तपासल्या आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर सुरू झाला. तापमान उतरायला लागलेलं दिसलं, तेव्हाच ती पायरीवर टेकली.

शंकरराव शेजारी येऊन बसले. "माझा जीव टांगणीला लागला होता."

"माझाबी," ती म्हणाली.

ते हसले. दौंडच्या मेकॅनिकला त्यांनी फोनवर सांगितलं, "येऊ नको. मॅडमनी केलं." मग तिच्याकडं वळून विचारलं, "परत जळू नये म्हणून काय करायचं, तेवढं सांगा."

हर्षदानं पाणी पिऊन घेतलं आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.