विसातला एक

परिषदेच्या पंचाहत्तराव्या अधिवेशनासाठी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. शास्त्रज्ञांना इतिहास नको असतो. त्यांना फक्त त्यात आपलं नाव हवं असतं. मी परिषदेच्या कचेरीत तेहेतीस वर्षं काढली, शेवटची बारा अधीक्षक म्हणून, आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. "काका, तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" असं आमचे तरुण सरचिटणीस म्हणाले आणि मी फुगलो. बायको म्हणाली, "चढवलंय तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर. उतरताना मला हाका मारू नका."

सुरुवातीला मजा आली. सतरा जणांनी एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत उंच स्टुलांवर बसून परिषद स्थापन केली. ठराव मांडताना त्यांतल्या एकाची बाही ॲसिडनं जळाली, आणि तेही इतिवृत्तात नोंदलेलं आहे. पाचव्या अधिवेशनाचे अध्यक्ष चुकीच्या गाडीत बसले, तिसऱ्या दिवशी पोचले आणि समारोपाला त्यांनी उद्घाटनाचं भाषण केलं. अकराव्या अधिवेशनात प्रत्येक निबंधाला दहाच मिनिटं द्यायची, असा ठराव झाला. त्यावरची चर्चा पाच तास चालली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. उद्घाटनाला आधी वर्षभरात वारलेल्या सदस्यांची नावं वाचतात, सगळे दोन मिनिटं उभे राहतात, मग खाली बसतात आणि भांडायला मोकळे होतात.

एकोणचाळिसाव्या अधिवेशनापाशी आलो आणि माझं लिहिणं थांबलं. टेबलाशी बसायचो, पेन्सिलींना टोक करायचो आणि उठायचो. "अडलंय कुठे?" बायकोनं विचारलं. तिच्यावर उगाचच खेकसलो. अडलं होतं ते माझंच होतं.

त्याच आठवड्यात सरचिटणिसांनी एक पत्र माझ्याकडे पाठवलं. एका बाईंनी लिहिलं होतं: 'माझे वडील, परिषदेचे आजीव सदस्य, गेल्या महिन्यात वारले. बंदरावर समुद्राच्या पाण्याची उंची मोजायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एकही अधिवेशन चुकवलं नाही. यंदा दिवंगतांमध्ये त्यांचं नाव वाचावं, एवढीच विनंती आहे. मी ऐकायला येईन.' खाली कचेरीतल्या कोणीतरी पेन्सिलीनं शेरा मारला होता: 'नोंदवहीनुसार हे सदस्य छत्तीस वर्षांपूर्वीच मयत. नाव तेव्हाच वाचलेलं आहे. काय उत्तर द्यावं?'

त्या शेऱ्याचं उत्तर जगात फक्त मला ठाऊक होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

झालं होतं ते असं. परिषदेची पत्रं फार परत येत, म्हणून संख्याशास्त्र शाखेतल्या एका विद्वानांनी जुन्या नोंदी तपासल्या. ज्यांचं टपाल सलग तीन वर्षं परत येतं अशा विसांपैकी एकोणीस जण वारलेले असतात, असं त्यांनी व्यवस्थित सिद्ध केलं. लगेच नियम झाला: तीन वर्षं टपाल परत, की सदस्य मयत धरावा. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका असं जगाला सांगणारी आमची संस्था, पण माणूस मेला की नाही हे तिनं पोस्टमनवर सोडलं होतं. आणि विसावा माणूस कोण, हे कोणीच विचारलं नाही. यादी करायचं काम माझं होतं. मी सत्तावीस वर्षांचा होतो, नोकरी तात्पुरती होती, आणि कायम झाल्याचं पत्र पुढच्याच आठवड्यात मिळायचं होतं. मी नियम लावला आणि अकरा नावं टाइप केली.

उद्घाटनाच्या वेळी मी सभागृहाच्या मागच्या दाराशी हजेरीपट घेऊन उभा होतो. नावं वाचून झाली, चारशे खुर्च्या मागे सरकल्या. मागून दुसऱ्या रांगेत एक सडपातळ गृहस्थ उभे होते. नावं चालू असताना त्यांनी एकदा दचकून इकडेतिकडे पाहिलं होतं. आता बाकीच्यांसारखीच मान खाली घालून ते पूर्ण दोन मिनिटं उभे राहिले आणि सगळे बसले तेव्हा बसले.

मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. "मी नवा पत्ता द्यायला आलो होतो," ते म्हणाले. "पण आता कोणाच्या नावावर देऊ?"

बंदरावरच्या जुन्या चाळी पाडल्यामुळे त्यांना तीनदा घर बदलावं लागलं होतं. मधल्या काळात आमची कचेरीही हलली होती. त्यांची पत्रं आमच्या जुन्या जागी जात होती, आमची त्यांच्या. मी सरळ हात जोडले. म्हटलं, "साहेब, आत्ता हे वर गेलं तर माझी नोकरी जाईल. तेवढं कायम होऊ द्या. पुढच्या अधिवेशनाच्या आत मी सगळं नीट करतो."

ते हसले. "होऊ द्या तुमचं कायम. मला कुठे घाई आहे? आता तर अजिबातच नाही."

मी कायम झालो. आणि मग जे करायचं होतं, त्यातलं काहीच केलं नाही. दुरुस्ती करायची तर कार्यकारिणीसमोर जायला हवं होतं, आणि कार्यकारिणीत ते नियमवाले विद्वान बसत. सदस्यत्वाचा नवा अर्ज द्या म्हणावं, तर ज्यांच्यासाठी आपण उभे राहिलो त्यांचीच सही कोणीतरी ओळखली असती. पहिली तीन वर्षं ते अधिवेशनाला आले की हळूच विचारायचे, "जमलं का?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." चौथ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांना त्याचं काही वाटत नाही, असं मी ठरवून टाकलं. सदस्य नसल्यामुळे त्यांना आत येता येत नव्हतं, म्हणून दरवर्षी मी त्यांना पाहुण्यांचा पास देत असे आणि वर स्वतःला दिलदार समजत असे. कचेरीत सगळे त्यांना बंदरवाले म्हणायचे. खरं नाव विचारायची कोणाला गरज पडली नाही. माझ्यामागून आलेल्या पोरांनीही तो पास न विचारता चालू ठेवला.

पत्र घेऊन मी सरचिटणिसांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, सुवर्णपदकवाले पाहुणे येणार आहेत, वर्तमानपत्रवाले असतील. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली म्हणून सांगायचं? आपण शुद्धिपत्रात टाकू ना."

"शुद्धिपत्र कोण वाचतं? तीस वर्षं मी छापून घेतली, मीसुद्धा वाचली नाहीत."

"मग मुलीला पत्र लिहा. समजावून सांगा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं तर ती स्वतःवरच होती, पण समोर ते होते. मी म्हटलं, "आतापर्यंत लिहिलेल्या इतिहासाची एकुलती एक प्रत माझ्या कपाटात आहे. हे नाव वाचलं जाणार नसेल, तर ती तिथेच राहील."

"ही धमकी झाली."

"झाली."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "वाचा. पण तुम्हीच वाचा. माझ्या तोंडून नको."

मी बाईंना फोन केला. नाव वाचलं जाईल एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. समोर सभा असली की मला जास्त बळ येतं, हा माझा जुना दोष आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सरचिटणिसांनी नऊ नावं वाचली आणि बाजूला झाले. मी पुढे आलो. म्हटलं, "एकोणचाळिसाव्या अधिवेशनाच्या इतिवृत्तात एक चूक आहे. तेव्हा एका हयात सदस्याचं नाव दिवंगतांमध्ये वाचलं गेलं. ते सदस्य तेव्हा याच सभागृहात होते आणि स्वतःसाठी उभे राहिले होते. ती यादी मी केली होती, आणि चूक कळल्यावरही माझ्या नोकरीसाठी मी ती लपवली. ते पुढची छत्तीस वर्षं हयात होते आणि त्या सगळ्या काळात या परिषदेचे सदस्य होते." मग मी त्यांचं नाव वाचलं, आडनावासकट, सावकाश. सगळे उभे राहिले.

चहाच्या वेळी लोकांनी मला घेरलं. कोणी पाठ थोपटली, कोणी 'एवढं धैर्य आजकाल कुठे दिसतं' म्हणालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. छत्तीस वर्षांचं ओझं उतरलं असं वाटून मी दुसरा कप घेतला.

तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई समोर आल्या. हातात जाड फाईल होती. मी हात जोडले. "तुमची माफी मागायची आहे. तुम्हाला हे असं सगळ्यांसमोर कळायला नको होतं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाबा घरी सांगायचे. फार रंगवून सांगायचे. चारशे माणसं उभी राहिली आणि एकालाही मी दिसलो नाही, म्हणायचे."

"माहीत होतं? मग ते पत्र..."

"आता ते खरंच गेले ना."

त्यांनी फाईल उघडली. "हे त्यांचे निबंध. दर अधिवेशनाला एक लिहायचे, बरोबर घेऊन यायचे आणि परत घेऊन जायचे. आई चिडायची. ते म्हणायचे, तिथला एक जण बघतोय, बिचाऱ्याला वेळ लागतोय. त्याचं काम झालं की लगेच वाचायला उभं राहता आलं पाहिजे."

सदस्य नसलेल्याचा निबंध घ्यायचा नाही, हा आमचा नियम. तो मला पाठ होता. तो त्यांना लागू होत होता, हे छत्तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटत होतं, त्यांचं गेलं ते एका यादीतलं नाव.

"तुम्ही मघाशी म्हणालात, ते सगळ्या काळात सदस्य होते," बाई म्हणाल्या. "मग हे घेता येतील का?"

मी कप तसाच ठेवला आणि त्यांना घेऊन भूगोल शाखेच्या खोलीत गेलो. तिथल्या अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका पुढे केली, जागा नाही म्हणाले. मी म्हटलं, दहा मिनिटांचा ठराव कुठल्या पानावर आहे ते मी सांगतो, तुम्ही दहा मिनिटं द्या. माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी दिली.

बाई दवाखान्यात औषधं देतात. डॉक्टरांची अक्षरं लावायची सवय असल्यामुळे वडिलांचं बारीक अक्षर त्या न अडखळता वाचत होत्या. खोलीत सतरा-अठरा माणसं होती. त्यातली दोन पेंगत होती. निबंध शेवटच्या वर्षीचा होता. रोज दोनदा घेतलेल्या नोंदी, चव्वेचाळीस वर्षं, एकही दिवस न चुकवता, आणि त्यावरून बंदराजवळचं पाणी किती वर आलं याचा हिशेब. तिसऱ्या पानाला पेंगणारे जागे झाले. मागे बसलेल्या एका प्राध्यापकबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या आणि भराभर लिहून घ्यायला लागल्या.

वाचन संपलं. मीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

प्राध्यापकबाई उठल्या. "इतकी सलग नोंद मी कुठेच पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक विचारते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. सोळाव्या वर्षी धक्का नवा बांधला आणि मोजायची पट्टी बदलली, असं यात आहे. जुन्या पट्टीचं शून्य आणि नव्या पट्टीचं शून्य यांत फरक किती पडला? तो मिळाला तर चव्वेचाळीस वर्षं जोडता येतील. नाही मिळाला तर आधीची पंधरा वर्षं सोडून द्यावी लागतील."

बाईंनी पानं मागेपुढे केली. फाईल उलटून पाहिली. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी परिषदेचा माणूस म्हणजे मला ठाऊक असणार.

"यात नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. "बाबांना तोंडपाठ असेल. कोणी विचारलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं."

प्राध्यापकबाईंनी वहीतल्या पंधरा वर्षांवर हलकेच एक रेघ मारली. मागच्या अधिवेशनाला बंदरवाले इथून दोन दारं पलीकडे, सभागृहात, मागून दुसऱ्या रांगेत, माझ्यापासून चार खुर्च्यांच्या अंतरावर बसले होते.